एकच प्रत, ४० संगणक

संगणक प्रयोगशाळेतील ४० यंत्रांत हार्डडिस्कच नसेल, तर ती सुरू कशी होतात? नेटवर्कवरून ती सर्व्हरवरील एकच डिस्क इमेज, म्हणजे कार्यप्रणालीची एका फाइलमधील संपूर्ण प्रत, वाचतात. १९९९ मध्ये सुरू झालेला आणि २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेलेला लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, अर्थात एलटीएसपी, याच तत्त्वावर चालतो.

येथे नवे सॉफ्टवेअर मूळ प्रणालीत एकदाच बसवायचे. मग ‘एलटीएसपी इमेज’ ही आज्ञा तिची नवी संकुचित प्रत तयार करते व जुनी राखून ठेवते. बिघाड झाल्यास त्या जुन्या प्रतीकडे परतता येते. मात्र वापरात असलेल्या फाइलवरच नवी प्रत लिहू नये. चालू यंत्रे गरजेनुसार तीच वाचत असतात, त्यामुळे ती एकदम कोलमडू शकतात. कर्नल बदलला असेल, तर ‘एलटीएसपी कर्नल’ ही आज्ञाही द्यावी. कर्नल यंत्राकडे स्वतंत्रपणे जातो. त्याचा इमेजशी मेळ बसलाच पाहिजे.

नवी प्रत यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते. म्हणून प्रथम एकाच यंत्रावर चाचणी घ्यावी. या पद्धतीत श्रम एकदाच पडतात, परंतु चूक झालीच तर ती ४० ठिकाणी उमटते.