भोजनकाल

दिवसातील कोणत्या प्रहरी, किती वेळा व किती अंतराने अन्न घ्यावे यासंबंधीचा नियम वा प्रघात. ठरावीक तासांतच आहार घेऊन उरलेला काळ निरन्न राहण्यास खंडित उपवास म्हणतात.

धर्मशास्त्रातील व्रतविचारात वेळेचा भेद काटेकोरपणे केलेला आढळतो. अहोरात्रात एकदाच, मध्यान्हानंतर जेवणे म्हणजे एकभुक्त. दिवसा काही न खाता नक्षत्रदर्शनानंतर जेवणे म्हणजे नक्त. भोजन दोहोंत एकच, वेळ मात्र निराळी. जैन आचारात सूर्यास्तानंतरचे भोजन वर्ज्य आहे. रमजानच्या रोज्यात ते सूर्यास्तानंतरच घेतात. साबुदाणा व बटाटा यांवरचा रूढ उपवास मात्र शरीरक्रियेच्या दृष्टीने उपवास नव्हे.

जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढते व स्वादुपिंडातून इन्शुलीन स्रवते. जादा ग्लुकोजचा काही भाग यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने (सु. १०० ग्रॅ.) साठतो. हा साठा सरत आला की मेदाचे विघटन वाढते. त्यास बहुधा १२ तासांहून अधिक काळ निरन्न राहावे लागते. शिवाय तेच अन्न सकाळपेक्षा रात्री घेतले असता रक्तशर्करा अधिक वाढते. कारण इन्शुलिनला ऊतकांकडून मिळणारा प्रतिसाद दैनिक लयीनुसार बदलतो. या लयीच्या रेणवीय यंत्रणेवरील संशोधनास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रात या विषयाकडे लोकांचे लक्ष वेधले ते श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या व्याख्यानांनी आणि पुढे जगन्नाथ दीक्षित यांच्या प्रचाराने. कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे व मधल्या काळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा यांवर भागवावे, असे दीक्षितांचे सांगणे आहे. थोड्याथोड्या वेळाने खाण्याचा सल्ला देणाऱ्या आहारतज्ञांशी त्यावरून बराच वाद झाला. वाद रंगला तो जेवणे किती यावर. ती केव्हा, हा प्रश्न मागेच पडला.

प्राग येथे मधुमेही रुग्णांवर केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेवढ्याच उष्मांकाच्या सहा लहान जेवणांपेक्षा दोन मोठ्या जेवणांनी वजन अधिक घटले. परंतु ती दोन जेवणे न्याहारी व दुपारचे जेवण ही होती. याउलट, ग्वांगजो येथील २०२२ मधील अभ्यासात १३९ स्थूल व्यक्तींपैकी सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच जेवणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी ८ किग्रॅ., तर वेळेचे बंधन नसलेल्यांचे ६.३ किग्रॅ. उतरले. उष्मांक दोन्ही गटांत सारखेच मर्यादित होते व हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. यावरून वजनापुरते एकूण आहाराचे प्रमाण अधिक निर्णायक दिसते. रक्तशर्करेच्या बाबतीत मात्र वेळेला महत्त्व उरते.

दिवा जंक्शनसारख्या उपनगरी स्थानकावरून मुंबईस नोकरीला जाणाऱ्याचा भोजनकाल लोकलच्या वेळापत्रकाने ठरतो. सकाळी घाईने चहा, दुपारी डबा आणि रात्री नऊ-दहानंतर दिवसातील सर्वांत मोठे जेवण, असा क्रम पडतो. त्याने ‘दोनच जेवणे’ पत्करली, तरी दुसरे बहुधा प्रतिकूल प्रहरीच येते. अशा व्यक्तीने सकाळी पोटभर जेवून निघावे, दुसरे जेवण सायंकाळी कचेरी सोडण्यापूर्वी डब्यातून घ्यावे आणि रात्री घरी हलकेच काही घ्यावे किंवा घेऊच नये, हे अधिक व्यवहार्य वाटते. घरच्यांसोबतचे एकमेव जेवण त्यामुळे सुटते, ही अडचण खरीच.

इन्शुलीन अथवा सल्फोनिलयूरिया गटातील औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी औषधाची मात्रा वैद्याकडून बदलून घेतल्यावाचून जेवण टाळल्यास रक्तशर्करा धोकादायक प्रमाणात उतरून शुद्ध हरपू शकते. गर्भवती, स्तनदा माता व वाढत्या वयाची मुले यांना असा उपवास सुचविला जात नाही.