गेमवेड्या स्वमग्न मुलाला काय द्यावं?

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या पंचक्रोशीतली गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी देशभर पांगलेली. दिवाळीला मामा-काका गावी येतात ते पोरांसाठी पिशव्या भरूनच. त्यातलं एखादं मूल स्वमग्न असेल आणि व्हिडिओ गेमशिवाय त्याला काही रुचत नसेल, तर निघण्याआधी त्याच्या आईला फोन करावा. ‘गेम आवडतात’ एवढ्यानं भागत नाही. कोणता गेम, कशावर खेळतो, त्यातलं लाडकं पात्र कोणतं, हे विचारावं.

ही आवड मोडायला म्हणून भलतंच खेळणं मुळीच देऊ नये. तोच धागा पडद्याबाहेर आणावा. माइनक्राफ्ट या गेममध्ये ठोकळे रचून घरं, बोगदे बांधतात; अशा मुलाला जोडायचे ठोकळे, चौकटीची वही, रंगीत पेन्सिली द्याव्यात. 1996 साली जपानमध्ये आलेल्या पोकेमॉन या गेमचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. पोकेमॉनवेड्याला भिंग आणि किडे ओळखायचं सचित्र पुस्तक दिलं तर?

काही मुलांना विट्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट, दिवाळीचे फटाके सोसत नाहीत. त्यांना कान झाकणारे इअरमफ चांगले. फक्त ते डोक्याला आवळत नाहीत ना, हे पाहावं.

पुडक्यात काय आहे ते आधीच सांगून टाकावं. अनपेक्षित गोष्टीनं अनेक स्वमग्न मुलं बावरतात. चारचौघांत उघडायला, ‘थँक्यू’ म्हणायला लावू नये. आणि गेल्या वर्षीचीच वस्तू त्यानं पुन्हा मागितली, तर खुशाल तीच आणावी.