आगाखान पॅलेस
आगाखान पॅलेस हा पुण्यातील येरवडा भागात पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) रस्त्यालगत असलेला राजवाडा असून सध्या तेथे गांधी स्मारक संग्रहालय आहे. इस्माइली पंथाचे इमाम तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी तो १८९२ मध्ये बांधला. आसपासच्या दुष्काळग्रस्तांना काम मिळावे हा त्यामागील हेतू होता, असे सांगितले जाते.

‘छोडो भारत’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ रोजी महात्मा गांधींना मुंबईत अटक करून या राजवाड्यात स्थानबद्ध करण्यात आले. नेहरू, पटेल, आझाद आदी नेत्यांना त्याच सुमारास अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. गांधींचे सचिव महादेवभाई देसाई यांचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी, तर कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच कैदेत निधन झाले. दोघांचेही अंत्यसंस्कार राजवाड्याच्या आवारातच झाले. ६ मे १९४४ रोजी गांधींची सुटका झाली.

१९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथे आगाखान करीम यांनी ही वास्तू भारताला अर्पण केली. संग्रहालयात गांधींच्या वापरातील वस्तू व छायाचित्रे असून आवारात कस्तुरबा व महादेवभाई यांच्या समाध्या आहेत. २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने या वास्तूला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक घोषित केले.