भोंगा थांबला की घरातलं काय काय थांबतं?

'कारखाना बंद पडला' अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. नोकरी गेली म्हणजे पगार गेला, एवढंच आपल्या डोक्यात येतं. पण कामगार वस्तीतली गरिबी एवढ्यावर थांबत नाही. मुंबईचं गिरणगाव बघा.

लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सगळा कापड गिरण्यांचा भाग. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपामुळेच गिरण्या बुडाल्या असं सर्रास म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. यंत्रं जुनी झाली होती, भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघत होतं, आणि पुढे तर गिरणीपेक्षा तिची जमीनच महाग झाली.

आता घरात काय झालं ते पाहू. पगाराची तारीख ठरलेली असायची, म्हणून वाणी महिनाभर उधारीवर माल द्यायचा. पगार थांबला तशी ती वहीही बंद झाली. वाणी वाईट होता म्हणून नव्हे, त्यालाही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचेच होते ना! नोकरीबरोबर विम्याचा दवाखाना गेला, फंडात पडणारी रक्कम गेली, दिवाळीचा बोनस गेला. कोकणातून, साताऱ्याकडून एकटे आलेले कामगार बायकांनी घरी चालवलेल्या खानावळीत जेवायचे. याच बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. जेवणारेच गावी परतले, तेव्हा चूल कुणासाठी पेटवायची? म्हणजे एका पगारावर किती घरं उभी होती, मोजा.

गंमत अशी की यातले बरेच जण कागदावर 'बेकार' राहिले नाहीत. कुणी रखवालदार झाला, कुणी हमाल, कुणी भाजीची पाटी घेऊन बसला. काम होतं, पण रजा नाही, फंड नाही, उद्याची खात्री नाही. म्हणून नुसता बेकारीचा आकडा पाहून वस्तीची गरिबी कळत नाही. काहींनी चाळीतली खोली विकून डोंबिवली, विरार गाठलं. तिथे जागा स्वस्त मिळाली, पण कामाला मुंबईत यायचं म्हणजे रोजचा लोकलचा प्रवास पदरी आला.

तुमच्याजवळ एखादी एमआयडीसी असेल, तर तिथल्या किराणा दुकानदाराला एक प्रश्न विचारून या: उधारीच्या वहीत आता किती नावं आहेत, आणि दहा वर्षांपूर्वी किती होती? उत्तर वहीत लिहून आणा.