अनाहूत प्रवाळांची ओळख : लक्षण आणि नाव

प्रवाळभित्तीवरील जीवसृष्टी काचेच्या हौदात वाढविणारे हौशी लोक त्यात प्रथम ज्याला ‘जिवंत खडक’ म्हणतात तो ठेवतात. हे नाव शब्दशः घेण्याजोगे नाही. हा खडक म्हणजे बहुधा मृत प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा होय. जिवंत असतात ते त्याच्या पृष्ठभागावर व छिद्रांत वस्ती करून राहिलेले जीव. त्यांतील जीवाणू माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि मुख्यतः याच उपयोगासाठी खडक आणला जातो. परंतु त्याच्याबरोबर कोणी न मागविलेले जीवही येतात. काही आठवड्यांनी एखाद्या खाचेतून फुलासारखा लहानसा जीव वर येतो, आणि तो कोण, असा प्रश्न उभा राहतो.

भाषाभ्यासकाने या प्रश्नात का लक्ष घालावे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. प्रश्न प्राणिशास्त्राचा खराच. पण त्यात होणाऱ्या चुका पुष्कळदा नामकरणाच्या असतात. नाव आधी सुचते, आणि मग त्या नावाला जुळतील तेवढीच लक्षणे दिसू लागतात. बोलींची पाहणी करणाऱ्यास हा धोका परिचित आहे. एका शब्दावरून तो गावाची बोली ठरवीत नाही. येथेही प्रथम लक्षणांची नोंद करावी व नाव मागाहून द्यावे.

पहिले लक्षण संस्पर्शकांचे, म्हणजे मुखाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांचे. ते नेमके आठ असून प्रत्येकास पिसासारख्या बारीक शाखा असतील, तर तो जीव अष्टसंस्पर्शकी गटातील, म्हणजे बहुधा मृदू प्रवाळांपैकी समजावा. संस्पर्शक साधे व अधिक संख्येने असतील, तर खाली चुनखडीचा सांगाडा आहे काय, हे पाहावे. सांगाडा व त्यातील अरांसारखे पडदे हे अश्मप्रवाळाचे चिन्ह होय. तिसरे लक्षण वस्तीचे : जीव एकेकटा आहे, की अनेक जीव तळाशी एका पापुद्र्याने जोडलेले आहेत? ही पाहणी दिवसा व रात्री, दोन्ही वेळा करावी. कारण अनेक अश्मप्रवाळ आपले संस्पर्शक रात्रीच पसरतात.

एकेकटा, तपकिरी व अर्धपारदर्शक, लांब निमुळत्या संस्पर्शकांचा आणि स्पर्श होताच झटकन आत ओढला जाणारा जीव बहुधा आयप्टेसिया हे समुद्रपुष्प असते. ते खरवडून काढणे हितावह नसते. मागे राहिलेल्या ऊतीच्या लहानशा तुकड्यापासूनही नवा जीव वाढतो, आणि एकाची अनेक होतात.

याहून गंभीर प्रश्न झोअँथिड गटाचा आहे. यांना सांगाडा नसतो. चकतीच्या कडेला आखूड संस्पर्शकांच्या दोन रांगा असतात, आणि बहुतेक वसाहती करून राहतात. त्यांपैकी पॅलिथोआ या प्रजातीचे जीव आपल्या अंगात वाळूचे कण मुरवून घेतात. झोअँथस या प्रजातीत तसे आढळत नाही. या भेदाचे महत्त्व हवाई बेटांतील एका नावावरून कळेल. माउई बेटावरील हाना येथील एका विषारी वस्तूस तेथील लोक ‘लिमू माके ओ हाना’ म्हणत. ‘लिमू’ म्हणजे समुद्रशैवल, ‘माके’ म्हणजे मृत्यू. हानाचे मारक शैवल, असा त्याचा अर्थ. 1971 मध्ये मूर व शॉयर यांनी त्यातील विषाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले, व त्या विषास पॅलिटॉक्सिन हे नाव मिळाले. ते शैवल वस्तुतः पॅलिथोआ हा प्राणी होता. लोकनामाने वर्ग चुकविला होता, पण गुण अचूक सांगितला होता. हे विष पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंपास सताड उघडे द्वार बनविते. अत्यल्प मात्राही घातक ठरू शकते.

2007 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका हौशी गृहस्थाने नको असलेले झोअँथिड मारण्यासाठी त्यांवर उकळते पाणी ओतले, आणि त्या वाफेने त्याला विषबाधा झाली. पुढे दुकानांतील नमुने तपासले असता काहींत हे विष मोठ्या प्रमाणात, तर काहींत अत्यल्प किंवा मुळीच आढळले नाही. बाह्यरूपावरून निवाडा करणे भरवशाचे नव्हते. तेव्हा असा खडक उकळू नये, तो कोरडा घासू नये, आणि हाताळताना हातमोजे व डोळ्यांस संरक्षण असावे.

यावरून डोळ्यांच्या साक्षीची मर्यादाही स्पष्ट होते. प्रवाळांचा रंग प्रकाशानुसार पालटतो, म्हणून रंगावरून जाती ठरविता येत नाही. अश्मप्रवाळांची जाती ठरविण्यास सांगाड्याची सूक्ष्म रचना पाहावी लागते, आणि अलीकडे जनुकीय परीक्षेने पूर्वीची कित्येक वर्गीकरणे बदलली आहेत. म्हणून लक्षणे जेथवर नेतील तेथवरच नाव द्यावे. ‘झोअँथिड, बहुधा पॅलिथोआ, जाती अनिश्चित’ ही नोंद अपुरी वाटेल. पण ती खरी आहे, आणि हात घालण्यापूर्वी सावध करण्यास तेवढी पुरेशी आहे.