अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

व्यवसायोपचार या शब्दाने मराठी माणसाची हटकून फसगत होते. ‘व्यवसाय’ म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे दुकान, पेढी किंवा नोकरी उभी राहते. सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जाणे, हेदेखील व्यवसायच होत, ही कल्पना त्याच्या पचनी पडायला वेळ लागतो. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने भारतीय झालेल्या कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली या विद्येची देशातील पहिली शाळा सुरू केली, ती याच व्यापक अर्थाने. आता व्यवसाय म्हणजे दिवसभराचे जगणे असे एकदा मानले, की ओघानेच असे येते की वयाबरोबर व्यवसायही पालटतो. सहा वर्षांच्या मुलाचा व्यवसाय खेळणे हा असेल, विसाव्या वर्षी तो खचित नसतो.

परंतु उपचारगृहात जाऊन पाहावे तो निराळाच देखावा! एकदा मी पाहिले, ओठांवर मिशी फुटलेला, जन्मापासून मेंदूचा पक्षाघात असलेला एक तरुण रंगीत खुंट्यांची पाटी पुढ्यात घेऊन, निळी खुंटी निळ्या भोकात बसवीत होता, आणि हे काम तो गेली बारा वर्षे इमानेइतबारे करीत असल्याचे त्याच्या मातोश्री अभिमानाने सांगत होत्या. नव्याने रुजू झालेल्या उपचारिकेने मातोश्रींकडे न पाहता त्यालाच विचारले, “तुम्हाला काय करता यायला हवंय?” त्या ‘तुम्हाला’ने तो क्षणभर गोंधळला, मग पुष्कळ प्रयासाने त्याच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला : “दाढी.”

दर रविवारी त्याची दाढी वडील करीत. उपचारिकेच्या ध्यानात आले, की अडचण बोटांत नसून खांद्यात आहे. खांदा अधांतरी असला म्हणजे सारा हात हेलकावतो, आणि कोपर टेबलावर घट्ट टेकले म्हणजे तोच हात पुष्कळसा शहाण्यासारखा वागतो. म्हणून आरसा खाली आणला, पात्याच्या वस्तऱ्याऐवजी विजेचे यंत्र दिले, आणि त्या यंत्राच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली. शिकवणीही उलट्या क्रमाने झाली : सारी दाढी वडिलांनी करावी आणि डाव्या कानाखालचा शेवटचा पट्टा तेवढा त्याच्यासाठी ठेवावा, म्हणजे काम पुरे केल्याचे समाधान पहिल्याच दिवशी पदरात पडते, पुढे हा पट्टा हळूहळू वाढवीत न्यावयाचा. एका गालाला तीन महिने लागले.

या वयात उपचार सोडून देणे शरीरालाही परवडत नाही. पौगंडावस्थेत हाडे झपाट्याने वाढतात, ताठर स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत, गुडघे वाकतात, वजन वाढते. आणि दहाव्या वर्षी आधाराने चालणारा मुलगा अठराव्या वर्षी खुर्चीत बसून राहतो, तर त्याला उचलणाऱ्या आईची कंबर तोवर गेलेली असते. नेमक्या याच सुमारास सरकारी दफ्तरातील मुदत सरते. २०१३ साली पालघर येथे ज्याचा प्रारंभ झाला, तो बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच. आणि अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना दिलेला मोफत शिक्षणाचा हक्कही ६ ते १८ याच वयाचा. बालरोगतज्ज्ञ ‘आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा’ म्हणतात, आणि मोठ्यांच्या डॉक्टरांनी असा रोगी क्वचितच पाहिलेला असतो. त्यातल्या त्यात दिलासा इतकाच, की राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेला वयाची अट नाही, आणि तिच्या १ लाख रुपयांच्या मर्यादेत नियमित उपचारांचाही अंतर्भाव होतो.

अठरा वर्षे भरताच कायद्याने आईबापांचे पालकत्वही संपुष्टात येते, हे पुष्कळांना बँकेच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या इसमासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करता येतो. परंतु अर्ज करता येतो म्हणून तो केलाच पाहिजे असे नव्हे. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे केवळ हातपाय आणि वाणी अडखळते, त्याची बुद्धी शाबूत असूनही त्याला आयुष्यभर अज्ञान ठरविणे, याला मी माया म्हणणार नाही. २०१६ चा कायदाही अपंग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीची मानतो, आणि पालक नेमलाच तर निर्णय त्याने त्या व्यक्तीच्या विचाराने घ्यावा असे सांगतो.

मग तो विचार कळावा कसा? येथे वाचोपचाराचे काम सुरू होते. बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रांची पाटी असते. तीवर पाणी, भूक, शू, चेंडू, मांजर अशी चित्रे लहानपणी चिकटवलेली असतात, आणि पंचविशी आली तरी बहुधा तीच राहतात. नकार द्यायला, भांडायला, कुणाची थट्टा करायला त्या पाटीवर जागाच नसते. अशा एका मुलीची पाटी नव्याने करावयास घेतली, तेव्हा तिने सर्वांत आधी चेंडूवर बोट ठेवून तो काढायला लावला. आणि मोकळ्या झालेल्या चौकोनात काय लिहायचे हे अक्षरांच्या तक्त्यावर, एकेक अक्षर दाखवीत, अर्धा तास खपून सांगितले : ‘आई, तू जरा बाहेर बस.’