वीज गेली की विहीरही रुसते

भारतातून फोन आला की हमखास विचारणा होते, "तुमच्याकडे काय बाबा, चोवीस तास पाणी!" असतं खरं, पण वीज आहे तोवर. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरच्या खासगी विहिरीचं पाणी पितात. आमच्या कनेक्टिकटमध्ये शहर सोडून जरा आत घर घेतलं की अंगणात सहा इंची पाइप वर आलेला दिसतो. तीच विहीर! आपल्याकडची बोअरवेलच म्हणा ना. काठ नाही, रहाट नाही, पोहरा सोडायची सोय नाही.

पंप खाली खोल पाण्यात बुडालेला आणि बहुधा २४० व्होल्टवर चालणारा. वीज गेली की तळघरातल्या प्रेशर टाकीत असेल तेवढंच पाणी. टाकी २० गॅलनची असली तरी बरीचशी जागा हवेची. हाती येतं पाच-सहा गॅलन. तीन-चार फ्लशमध्ये खेळ खल्लास.

२०११ च्या ऑक्टोबरअखेरीस झाडांवर पानं असतानाच बर्फ पडला. ओझ्यानं फांद्या मोडून तारांवर आल्या आणि राज्यात आठ लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले. काही घरांत आठवडा उलटला तरी वीज नव्हती. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. जन्म कोकणात गेलेला, त्यामुळे त्या मुळीच डगमगल्या नाहीत. पिण्याचं पाणी वेगळं झाकून ठेवलं, वापराचं वेगळं. बाहेरचा बर्फ पातेल्यांत भरून वितळवला आणि तो संडासासाठी ठेवला. "विहीर दारात आणि पाणी नाही, हे पहिल्यांदाच बघतेय गो," असं मात्र म्हणाल्या.

तेव्हापासून इथे नवं घर घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही काही गोष्टी सांगतो. वादळाचा इशारा आला की बाथटब भरून ठेवा. पिण्यासाठी माणशी रोज एक गॅलन धरा, आणि निदान तीन दिवसांचा साठा ठेवा. जनरेटर घेताना २४० व्होल्टचं आउटलेट आहे का ते आधी पाहा. दोन हजार वॉटचा छोटा जनरेटर फ्रिज चालवेल, हा पंप बहुधा नाही. पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. तेव्हा पंपाची पाटी वाचून, इलेक्ट्रिशियनला विचारूनच आकार ठरवा.

जोडणी ट्रान्सफर स्विचमधूनच करा. नाहीतर तुमची वीज उलटी तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जातो. जनरेटर गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरापासून किमान २० फूट दूर, खिडक्यांकडे धूर जाणार नाही असा ठेवा. वीज नकोच असेल तर आहे त्याच पाइपात पंपाशेजारी बसणारे खोल विहिरीचे हातपंपही मिळतात. फक्त पाण्याची पातळी किती खोल आहे ते आधी मोजून घ्या.

विहिरीवर पुराचं पाणी चढलं असेल तर वीज आली तरी पंप लगेच लावू नका. आधी तपासून घ्या, निर्जंतुक करा आणि पाण्याची चाचणी होईपर्यंत ते पिऊ नका.

आणि भारतातल्या मंडळींनो, अमेरिकेतली लेक फोनवर "पाणी गेलंय" म्हणाली तर हसू नका. बादल्या भरल्यास का, एवढंच विचारा.